घरचे चिप्स आणि कोलेस्टेरॉल : तुमच्या स्वयंपाकघरातले अनुभव लिहा

बाबांचं एलडीएल, म्हणजे रक्तातलं 'वाईट' कोलेस्टेरॉल, वाढल्याचं कळलं तेव्हा त्यांनी लोणी, चीज, तळण सगळं निमूटपणे सोडलं. अडलं ते फक्त वेफर्सपाशी. संध्याकाळी काहीतरी खारं, कुरकुरीत तोंडात टाकायची त्यांची सवय माझ्या जन्माच्याही आधीची. ती मोडून काढण्यापेक्षा त्यांना चालतील असे चिप्स घरी करायचे, असं आईने आणि मी ठरवलं. आता ते आमच्याकडे नेमाने होतात. असे प्रयोग अनेक घरांत चालू असणार, म्हणून हा धागा. कोणासाठी करता, कशाचे करता, कुरकुरीत कसे राहतात, चवीला काय घालता, सगळं सविस्तर लिहा. "तब्येतीला चांगले आहेत हो, खा" अशी विनवणी करावी लागते ते चिप्स नकोत. समोर ठेवले की वाटी रिकामी होते, असेच हवेत.

सुरुवात मी करते.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते हे कळणं, की चिप्स कुरकुरीत होतात ते पाणी गेल्यामुळे. बटाट्यात वजनाच्या जवळपास ८० टक्के पाणी असतं. कढईतलं तेल ते झटपट घालवतं, ओव्हन तेच काम सावकाश करतो. म्हणून माझं सगळं लक्ष पाण्यावर. बटाटे स्लायसरवर दीड ते दोन मिलिमीटर जाडीचे कापते. जाडी सारखी नसेल तर अर्धे जळतात आणि अर्धे मऊ राहतात, त्यामुळे सुरी नको. काप गार पाण्यात अर्धा तास ठेवते, मधे एकदा पाणी बदलते. मग फडक्यावर पसरून वरून दुसरं फडकं दाबते. इथे घाई अजिबात करू नका, काप हाताला कोरडे लागले पाहिजेत. ३०० ग्रॅम बटाट्याला दोन छोटे चमचे, म्हणजे १० मिली तेल. ते हाताने प्रत्येक कापाला चोळायचं. बेकिंग पेपरवर एका थरात मांडून १८० अंशांवर १२ मिनिटं, मग उलटून आणखी ५ ते १० मिनिटं. या शेवटच्या वेळात ओव्हनसमोरून हलायचं नाही. कडेचे आधी होतात, ते काढत जायचे. किंचित मऊ वाटले तरी जाळीवर गार होताना कडक होतात.

हिशेबही सांगते, कारण बाबांना तो पटला आणि मग त्यांनी मनापासून खायला सुरुवात केली. दोन छोटे चमचे तेल म्हणजे साधारण ९ ग्रॅम फॅट. ३०० ग्रॅम बटाट्याचे सुमारे ७० ग्रॅम चिप्स होतात. तेवढ्याच वजनाच्या पाकिटातल्या तळलेल्या वेफर्समध्ये २० ते २५ ग्रॅम फॅट असतं. शिवाय सूर्यफुलाचं तेल घेतलं, तर आपल्या ९ ग्रॅमांतलं संपृक्त फॅट (सॅच्युरेटेड, लोणी-तुपात भरपूर असतं ते) जेमतेम १ ग्रॅम.

रानजाई

धाग्यासाठी मनापासून आभार. माझे सासरे पाकिटावर "कोलेस्टेरॉल फ्री" वाचून निर्धास्त खायचे. खरं तर कोलेस्टेरॉल फक्त प्राणिज पदार्थांत असतं. बटाट्यात नाही आणि कोणत्याही वनस्पती तेलातही नाही, त्यामुळे ते शब्द कुठल्याही साध्या वेफर्सवर छापता येतात. रक्तातलं एलडीएल वाढवतं ते संपृक्त फॅट, आणि त्याहून वाईट ट्रान्स फॅट (वनस्पती तेल अर्धवट घट्ट करताना तयार होतं ते). पाम तेलात जवळपास निम्मं फॅट संपृक्त असतं, खोबरेल तेलात तर ८० टक्क्यांहून जास्त. सूर्यफूल तेलात १०-११ टक्के, ऑलिव्हमध्ये १४ च्या आसपास. मी सासऱ्यांना भिंग देऊन पाकिटाची मागची बाजू वाचायला बसवलं. "समोरचं वाचू नका बाबा, मागचं वाचा," इतकंच म्हटलं. आता दुकानात तेच मला तेलाचं नाव वाचून दाखवतात.

दुपारची सावली

मी एकटा राहतो, ओव्हन नाही, मायक्रोवेव्ह आहे. ज्यांना वाटतं की हे सगळं सामान असलेल्यांचं काम, त्यांच्यासाठी लिहितो.

बटाटा पातळ कापून धुऊन कोरडा करायचा, तो भाग वर लिहिलाय तसाच. काचेच्या थाळीवर बेकिंग पेपर, त्यावर काप एका थरात. तेलाचा थेंबही नाही. पूर्ण पॉवरवर ३ मिनिटं, उलटायचे, पुन्हा १ ते २ मिनिटं, मग अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने बघत राहायचं. शेवटच्या अर्ध्या मिनिटात पांढऱ्याचे काळे होतात, म्हणून बघत राहायचं हे शब्दशः घ्या. एका थाळीत एका माणसापुरतेच होतात. मला ते बरं वाटतं. जेवढे केले तेवढेच खाल्ले जातात, डबा भरून शेजारी नसतो.

तेल नसल्यामुळे मीठ-मसाला चिकटत नाही, ही एकच अडचण. काप गरम असताना लिंबाच्या रसाचा अगदी हलका हबका मारायचा आणि लगेच मिरपूड घालायची. किंचित ओल येते, ती १५-२० सेकंद परत फिरवलं की जाते.

अर्धा चमचा

चवीबद्दल लिहिते, कारण अशा चिप्सचा कस तिथेच लागतो. यांना कोलेस्टेरॉलसोबत रक्तदाबही आहे. मिठाने कोलेस्टेरॉल वाढत नाही, पण हृदयाची काळजी घ्यायची तर दोन्ही बघावं लागतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक छोटा चमचाही पूर्ण नाही.

मीठ मिक्सरमध्ये अगदी पिठासारखं बारीक करून ठेवलंय. जाड मिठाचे बरेच कण बशीत राहतात. बारीक मीठ सगळीकडे बसतं आणि जिभेला लगेच कळतं, त्यामुळे निम्म्यात भागतं. घालायचं भाजून झाल्यावरच, आधी घातलं तर काप पाणी सोडतात. आंबट चवीने मीठ कमी असल्याचं जाणवत नाही. भिजवायच्या पाण्यात दोन मोठे चमचे व्हिनेगर घातलं तर ती चव आतपर्यंत जाते. लसणाची पूड, भाजलेल्या जिऱ्याची पूड, धुरकट पॅप्रिका, वाळवलेला पुदिना, लिंबाची किसलेली साल. यांचं आवडतं मिश्रण पॅप्रिका, लसूण आणि चिमूटभर साखर. माझं लिंबाची साल आणि मिरी.

एक गोष्ट कळकळीने सांगते. "लो सोडियम" मिठात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

मोरपीस

इथे बहुतेक जण आई-वडिलांबद्दल लिहिताहेत. मी माझ्या मुलाबद्दल लिहितेय. तो शाळेत जातो, अंगाने सडसडीत आहे, दिवसभर खेळतो, आणि तरी त्याचं एलडीएल खूप जास्त आहे. आमच्या घराण्यात हे आनुवंशिक आहे. फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात, साधारण २५० माणसांत एकाला असतं. रक्तातलं एलडीएल उचलून नेण्याचं काम यकृताच्या पेशींवरचे रिसेप्टर करतात, ते हा आजार असलेल्यांत जन्मापासूनच कमी किंवा सदोष असतात. या रिसेप्टरचा शोध लावणाऱ्या मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ मध्ये नोबेल मिळालं. मुलाच्या डॉक्टरांनी त्याला हे चित्र काढून समजावलं, तेव्हा "म्हणजे माझ्या खाण्यामुळे नाही झालं ना?" असं त्याने विचारलं होतं. इतके दिवस तो तेच मनात धरून बसला होता.

आमच्या बाबतीत नुसतं खाणं सांभाळून भागत नाही, औषध लागतंच. पण संपृक्त फॅट कमी ठेवायला डॉक्टरांनीही बजावलंय, कारण त्या फॅटमुळे रिसेप्टरचं काम आणखी मंदावतं. प्रश्न पथ्याचा नव्हताच. मित्रांनी पाकीट फोडलं की हा हात मागे घ्यायचा, ते मला बघवत नव्हतं. म्हणून मी चिप्स त्याच्यापुरते करत नाही, मोठा डबा भरून सगळ्यांसाठी करते. बटाट्याचे आणि बीटचे एकत्र, कारण रंग दिसला की मुलं आपसूक हात घालतात. बीट १४० अंशांवरच भाजते, त्यात साखर जास्त असल्यामुळे वर गेलं की कडवट होतं. कापल्यावर किंचित मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवलं की पाणी सुटतं. ते पाणी काढून, काप हलकेच धुऊन, पुसून घ्यायचे. ४० ते ५० मिनिटं लागतात.

आता मित्रच विचारतात, "काकू, लाल वाले आणलेत?"

कोरडा दुष्काळ

बटाटे फ्रीजमध्ये ठेवू नका. थंडीत त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होते आणि चिप्स लवकर तपकिरी पडतात. तपकिरी रंगासोबत ॲक्रिलामाइड वाढतं. १२० अंशांच्या वर साखर आणि ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल यांच्यापासून ते बनतं, आणि खाण्यात ते असतं हे २००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं. काप भिजवल्याने पृष्ठभागावरची साखर धुऊन जाते, हा त्याचा दुसरा फायदा. सोनेरीवर थांबा.

सायली नव्हे, साय

चीजच्या चिप्सबद्दल सावध करायचं होतं. किसलेलं चीज ओव्हनमध्ये पसरलं की मस्त कुरकुरीत चकत्या होतात, आणि कार्बोहायड्रेट कमी म्हणून ती कृती सगळीकडे आवडीने सांगितली जाते. पण चेडरच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २० ग्रॅम संपृक्त फॅट असतं. एलडीएल कमी करायचं असेल त्याने दिवसभरात १३ ग्रॅमच्या आसपास थांबावं असं अमेरिकन हार्ट असोसिएशन सांगते, तेही २००० कॅलरी खाणाऱ्याने. माझ्या बहिणीला मी हे आकडे शेजारी-शेजारी लिहून दिले. तिच्यासाठी आता ओट्सचे चिप्स करते.

एक वाटी ओट्सचं पीठ, अर्धी वाटी कणीक, दोन मोठे चमचे तेल, एक चमचा जवसाची पूड, जिरे, मिरी, अगदी थोडं मीठ. पाण्याने घट्ट मळून दोन बेकिंग पेपरांच्या मधे जमेल तितकं पातळ लाटायचं, त्रिकोण कापायचे, १७० अंशांवर १५ ते १८ मिनिटं. ओट्समधल्या बीटा-ग्लुकन या विरघळणाऱ्या तंतूने एलडीएल खरोखर कमी होतं, पण त्यासाठी रोज ३ ग्रॅम लागतं आणि ४० ग्रॅम ओट्समध्ये ते साधारण दीड ग्रॅमच असतं. म्हणजे चिप्स ही सोबत झाली, सकाळचे ओट्स सोडायचे नाहीत. बहिणीचं एलडीएल उतरलंय, पण ती गोळीही घेते आणि चालतेही, त्यामुळे श्रेय चिप्सना देणार नाही. पथ्य टिकलं याचं श्रेय मात्र नक्की देते.

पानगळ

केल किंवा पालकाच्या पानांचे चिप्स कोणी सुचवायच्या आधी लिहून ठेवते. चव छान, १४० अंशांवर १२-१५ मिनिटांत होतात, फक्त पानं ठणठणीत कोरडी हवीत. पण माझ्या आईला वॉरफरिन चालू आहे. या पानांत व्हिटॅमिन के भरपूर असतं आणि ते अचानक जास्त खाल्लं तर या औषधाचा परिणाम कमी होतो. हृदयाच्या अनेक रुग्णांना रक्त पातळ करणारी औषधं असतात, म्हणून आधी गोळ्यांची नावं बघा.

चांदणवेल

माझं एलडीएल ठीक आहे, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी) वाढलेलं आहे. बटाट्याचे भाजलेले चिप्स मला चालतील का?

धागाकर्ती

चांदणवेल, तुमच्यासाठी उत्तर वेगळं आहे. ट्रायग्लिसराइड वाढायला साखर आणि जास्तीचा स्टार्चही कारणीभूत असतो, तेव्हा तेल कमी केलं तरी बटाट्याचं प्रमाण आवरायला हवं. छोटी वाटी घ्या, रोज नको. झुकिनीचे करून बघा. तिच्यात स्टार्च अगदी कमी आहे. ११० अंशांवर दीड ते दोन तास लागतात आणि आकसून चिमुकले होतात, म्हणून काप थोडे जाड ठेवा.

दुपारची सावली

एअर फ्रायर घ्यायच्या विचारात आहे. हलके काप आतल्या वाऱ्याने उडतात असं ऐकलं. खरं का?

धागाकर्ती

हो दादा, शेवटी शेवटी उडतात. त्यांच्यावर सोबत येणारी स्टीलची जाळी उपडी ठेवायची. १६० अंश, १५ ते १८ मिनिटं, दर पाच मिनिटांनी हलवायचे. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, आतल्या वाफेने मऊ पडतात. पडलेच तर १५० अंशांवर पाच मिनिटांत परत कडक होतात.