मदत हवी आहे: व्यायामानंतर रॅब्डोमायोलिसिस, सीपीके उतरतंय पण लिव्हरचे आकडे वाढलेले

पानगळ:
धाकट्या भावाबद्दल विचारायचं आहे. वय २४, एरवी धडधाकट. मोठ्या खंडानंतर त्याने परत जिम सुरू केली आणि पहिल्याच आठवड्यात मित्राशी पैज लावून पुलअप्स मारले. तेही उडी मारून वर जायचं आणि सावकाश खाली यायचं, या प्रकारचे. दंड दुखणार हे धरूनच चाललो होतो. पण पुढे कोपर सरळ होईनात, दंड टम्म सुजले आणि लघवी गडद तपकिरी, कोऱ्या चहाच्या रंगाची झाली. अ‍ॅडमिट केलं तेव्हा सीपीके (स्नायूपेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) चाळीस हजारांच्या वर होतं. निदान रॅब्डोमायोलिसिस, म्हणजे स्नायूपेशी फुटून त्यांतले घटक रक्तात येणं. भरपूर सलाईन दिलं. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियम शेवटपर्यंत आटोक्यात राहिलं, डायलिसिसची वेळ आली नाही. आता घरी आहे.

डिस्चार्जच्या रिपोर्टमध्ये एसजीओटी आणि एसजीपीटी दोन्ही बरेच वाढलेले दिसतात. मामाचं ठाम मत आहे की लिव्हर गेलं, आणि ते टॉनिक घेऊनही आलेत. दुसरं, पहिल्या दिवशीच्या लघवीच्या तपासणीत ‘ब्लड ३+’ आणि त्याच कागदावर खाली ‘लाल पेशी: नाहीत’. लॅबने घोळ घातला असेल का? तिसरं म्हणजे ट्रेनर म्हणतो हलका व्यायाम सुरू कर, स्नायू मोकळे होतील. डॉक्टरांनी विश्रांती सांगून पुढची तारीख दिली आहे, पण विश्रांती म्हणजे नक्की कुठवर?

आगाऊ:
पाणी पाजा ताई, दिवसाला आठ-दहा लिटर. किडनी धुऊन निघेल. प्रोटीन पावडर तेवढी फेकून द्या.

बिनपाटीचा डॉक्टर:
आगाऊ, तेवढं पाणी नको. रक्तातलं सोडियम उतरलं की ते निराळंच संकट. दवाखान्यात सलाईन धो धो देतात ते लघवी मोजून आणि रक्त तपासून देतात. घरी किती प्यायचं ते त्याच्या डॉक्टरांना विचारा. आणि पावडरीचा इथे संबंध दिसत नाही, पैजेचा आहे.

पानगळ, एसजीओटी-एसजीपीटीला लोक ‘लिव्हरचे आकडे’ म्हणतात, पण ही एन्झाइम्स स्नायूंतही असतात. एसजीओटी तर भरपूर. स्नायूपेशी फुटल्या की सीपीकेबरोबर तीही रक्तात येतात. बिलिरुबिन आणि जीजीटी, म्हणजे लिव्हरचा त्रास जास्त नेमका दाखवणारे आकडे, नॉर्मल असतील तर संशय स्नायूंवरच घ्यायचा. उतरताना एसजीओटी आधी उतरतं आणि एसजीपीटी मागे रेंगाळतं, त्यामुळे पुढच्या रिपोर्टमध्ये दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा दिसला तर मामांना पुन्हा संधी देऊ नका. टॉनिक कपाटात राहू दे.

लघवीबाबत लॅबचं बरोबर आहे. लघवी तपासायची पट्टी हीम या लोहयुक्त घटकामुळे रंग बदलते, मग ते रक्तातल्या हिमोग्लोबिनमधलं असो की स्नायूतल्या मायोग्लोबिनमधलं. पट्टीवर रक्त आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी नाहीत, ही रॅब्डोची जुनी खूण आहे. हेच मायोग्लोबिन किडनीच्या नलिकांना इजा करतं, म्हणून तर सलाईन. दुखण्यावर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक स्वतःच्या मनाने देऊ नका, त्यांनी किडनीवर आणखी ताण येतो.

सीपीके साधारणपणे रोज निम्म्याच्या आसपास खाली यायला हवं. तसं येत नसेल, किंवा दंड दगडासारखा घट्ट होऊन बोटांना मुंग्या आल्या, बोटं ताणल्यावर असह्य कळ आली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता तातडीने दवाखाना गाठा. स्नायूच्या कप्प्यात दाब वाढला तर वेळ फार थोडा असतो.

सायकलवेडा:
मला हे स्पिनिंगच्या (जागच्या सायकलवर जोरात पेडल मारायचा व्यायाम) पहिल्याच वर्गानंतर झालं होतं, मांड्यांना. ‘फिट माणसाला होत नाही’ हा समज आधी काढून टाका. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल संघातले १३ खेळाडू जानेवारी २०११ मध्ये असेच अ‍ॅडमिट झाले होते, सुट्टीवरून परतल्यानंतरच्या जबर सरावामुळे. आणि हे सावकाश खाली येणं भलतंच महाग पडतं. स्नायू ताणला जात असतानाच त्याला जोर लावावा लागतो, फाटतो तो तिथे. ट्रेनरचं ‘मोकळे होतील’ साध्या अंगदुखीला ठीक आहे, याला नाही.

बिनपाटीचा डॉक्टर:
सहमत. आधी लघवी स्वच्छ आणि सीपीके नॉर्मल मर्यादेच्या पाचपटीच्या आत. बऱ्याच लॅबची वरची मर्यादा २०० च्या आसपास असते, म्हणजे हजाराच्या खाली. मग चालणं, वजनाशिवाय हालचाली. सूज, अशक्तपणा परतला नाही तरच पुढे, आणि प्रत्येक टप्पा त्याच्या डॉक्टरांना विचारून. पुलअप्सचं नाव सगळ्यात शेवटी.

एक विचारायचं राहिलं. असं पूर्वी कधी झालं होतं? घरात कुणाला?

पानगळ:
जीजीटी आणि बिलिरुबिन दोन्ही नॉर्मल आहे, आत्ताच बघितलं. पूर्वीचं आईला विचारलं. शाळेत असताना तापातून उठल्या उठल्या लांबच्या शर्यतीत पळाला होता, तेव्हा पाय धरले होते आणि लघवी लाल झाली होती म्हणते. तेव्हा उन्हाळी लागली असं समजून सोडून दिलं होतं. याचा काही संबंध?

बिनपाटीचा डॉक्टर:
असू शकतो, आणि डॉक्टरांना हे माहीत नसेल तर आवर्जून सांगा. एकदाच, पैजेपायी झालं तर कारण उघड आहे. पण दोनदा, त्यात ताप किंवा उपाशीपोटी लांबचा व्यायाम असेल, तर स्नायूंना चरबी जाळून ऊर्जा मिळवण्यात जन्मजात अडचण आहे का ते बघतात. सीपीटी-२ एन्झाइमची कमतरता हे त्यातलं एक कारण. मॅकआर्डल आजारात स्नायूतली साखर वापरता येत नाही, तिथे त्रास व्यायामाच्या पहिल्या काही मिनिटांतच सुरू होतो. त्यामुळे कधी, किती वेळाने, काय खाल्लं होतं, हे आईकडून नीट लिहून घ्या. रक्ताच्या काही चाचण्या आणि गरज पडल्यास जनुकीय तपासणी, ते न्यूरॉलॉजिस्ट ठरवतील. तोवर तापात किंवा उपाशीपोटी व्यायाम अजिबात नको.

पानगळ:
लिहून काढते. तारखेची वाट न बघता उद्याच डॉक्टरांना फोन करते. मामांना जीजीटीचा कागद दाखवला, ते म्हणाले टॉनिक वाया कशाला घालवायचं, मीच घेतो.