गेमिंग कन्व्हेन्शन, लार्प आणि हातानं केलेला पोशाख: सल्ला हवा

भीमगडचं अस्वल:
नमस्कार मंडळी. बंगळूरच्या एका गेमिंग कन्व्हेन्शनला, म्हणजे खेळणाऱ्यांच्या मेळाव्याला, आम्ही खानापूरची पोरं जायचं ठरवलंय. टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन फासे टाकून खेळायची सवय आहे, पण तिथं लार्प पण आहे, म्हणजे पोशाख घालून पात्र व्हायचं आणि फोमच्या हत्यारांनी लढायचं. ते आम्हाला नवीन. माझं पात्र घाटातल्या चौकीवरचा म्हातारा नाकेदार, येणाऱ्याजाणाऱ्याकडून जकात घेणारा. छातीला चिलखत, खांद्यावर अस्वलाचं कातडं, हातात भाला. तयार पोशाख मागवायचा नाही, स्वतः करायचाय. सामान, प्रवास, आणि तिथं मख्खासारखं उभं राहायला लागू नये म्हणून काय करायचं, सगळंच सांगा. घरी अजून "नाटकाला चाललोय" एवढंच सांगितलंय.

शहापूरची सुई:
आधी मंडळातल्या पोरांना गाठा. बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत सजीव देखावे असतात, त्यात रात्रभर चिलखत घालून उभं राहणारे आणि ते चिलखत करणारे तुमच्याच ओळखीत निघतील. ड्रेपरीवाल्याकडंही एक चक्कर मारा. भाड्यानं आणायला नव्हे, बघायला. पोशाख उलटा करून बंद कुठं लावलेत, काखेत किती मोकळं ठेवलंय ते बघा. बाहेरून सगळेच पोशाख छान दिसतात हो.

चिलखताला पाच-सहा मिलिमीटरची ईव्हीए फोम शीट (चपलेच्या तळव्याला असतो तसला हलका फोम) पुरते. जुना बनियन घालून मित्राकडून त्यावर चिकटपट्टी गुंडाळून घ्या, वर पेननं रेषा मारा, कापून सोडवा. झाला तुमच्या मापाचा नमुना, त्यावरून फोम कापायचा. फोमला हीट गननं (गरम हवा सोडणाऱ्या यंत्रानं) आच दिली की वरची छिद्रं बंद होतात आणि वाकवाल तसं वाकतं. चिकटवायला चपलेच्या दुकानात असतो तसला गोंद. दोन्ही बाजूंना लावायचा, बोटाला चिकटेनासा झाला की मगच दाबायचं. एकदा दाबलं की सरकत नाही, म्हणून टोकापासून सुरुवात करा. खिडक्या उघड्या ठेवा, वास डोक्यात जातो. रंगाआधी पातळ केलेल्या फेविकॉलचे दोन-तीन हात द्या, नाहीतर वाकवल्यावर रंगाला भेगा पडतात.

कातड्याऐवजी घोंगडं घ्या, पण अर्धंच. अख्खं घोंगडं घेऊन गर्दीच्या हॉलमध्ये तासभर उभे राहिलात तर नाकेदार घामानंच वाहून जाईल. पट्टे फोमचे करू नका. आपल्याकडं अथणीला कोल्हापुरी चपला करणारे कारागीर आहेत, त्या चपलांच्या २०१९ च्या जीआय टॅगमध्ये (भौगोलिक मानांकनात) बेळगाव जिल्हाही आहे. चामड्याचा एक पट्टा करून घेतलात तर सगळा पोशाख त्यावर तोलतो.

आणि सगळं अंगावर चढवून घरी जेवायला बसा. बसता येत नसेल, संडासला जाता येत नसेल तर कापा आणि परत शिवा. मोबाइलला आतून खिसा लावा.

निपाणीचा पोरगा:
अस्वलाचं खरं कातडं आणू नकोस रे बाबा, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, नाकेदारालाच धरून नेतील.

गाडीचं म्हणशील तर राणी चन्नम्मा एक्स्प्रेस. संध्याकाळी बसलं की सकाळी बंगळूर. वंदे भारत आहे आता, पण ती पहाटे सुटून दुपारी पोचवते, अर्धा दिवस गेलाच की. चिलखत सुटं करून खोक्यात भर, पोकळीत कपडे कोंब म्हणजे चेपत नाही. भाला दोन तुकड्यांत कर.

उद्यमबाग वर्कशॉप:
भाल्याचं मी बोलतो. फोटोसाठी केलेलं हत्यार आणि मारायला वापरायचं हत्यार, दोन्ही वेगळी. लार्पला आत सोडण्याआधी हत्यारं तपासतात. धातू चालत नाही, आणि भोसकायच्या हत्यारांवर जास्त बारीक नजर असते. त्यापेक्षा सोटा कर. मध्ये पीव्हीसी पाइप, दोन्ही तोंडं बूच लावून बंद. त्यावर एसीच्या पाइपवर चढवतात ती काळी फोमची नळी. टोकाला पाइप संपल्यावर पुढं चार बोटं नुसता फोम राहिला पाहिजे. अंगठ्यानं टोक जोरात दाबून बघ, आत कडक लागलं तर तपासणीत अडकलास. डोक्यावर आणि मानेवर वार करायचा नाही. कुणी 'होल्ड' म्हटलं की आहे तिथं थांबायचं, मग समोर कुणीही असू दे.

टिळकवाडी रात्रपाळी:
एवढा खटाटोप कशाला, ऑनलाइन मिळतंय की सगळं.

शहापूरची सुई:
@टिळकवाडी रात्रपाळी, मिळतं. पण काखेत उसवलं तर दुरुस्त कोण करणार?

फासेवाली:
मी पात्राचं सांगते. टेबलावरच्या खेळात फासा पडला की निकाल लागतो. लार्पमध्ये बरंचसं तुमच्या बोलण्यावर ठरतं. म्हणून नाकेदाराची भलीमोठी कुळकथा लिहीत बसू नका. त्याला काय हवंय, तो कशाला घाबरतो आणि कुणाचं देणं लागतो, एवढं पुरे. तुमचं पात्र तसं चांगलं निवडलंय, जकात मागायला कुणाकडंही जाता येतं. "काय ओ, काय घेऊन चाललाय?" म्हटलं की समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं. त्याची थैली उघडायला लावा, खोटं बोलला तर खोटं बोलू द्या, पकडायची घाई करू नका. इंग्रजीत अडलात तर कन्नड आहेच, बेळगावच्या माणसाला त्याचं काय. अंगाला हात लावण्याआधी मात्र पात्र बाजूला ठेवून विचारायचं, फोटो काढतानाही तेच.

भीमगडचं अस्वल:
भाला रद्द, सोटा पक्का. घोंगडं आजोबांचं आहे, पण कापायला देतील असं वाटत नाही.

शहापूरची सुई:
कापू नका हो! दुमडून आतनं टाके घाला, आल्यावर उसवायचे.