किडनीतल्या ऑक्सिजनचं संशोधन कोकणच्या काय कामाचं?

लाल_माती: काल एका ग्रुपवर वाचलं: "रॅटक्लिफ नावाच्या किडनीच्या डॉक्टरला ऑक्सिजनवर नोबेल मिळालं. आमच्याकडे लेप्टोने (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाने) माणसं डायलिसिसवर जातात, त्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही." डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा किडनीकडे जातो, पण बहुतेक बाहेरच्या थरातच फिरतो. आतल्या गाभ्यात ऑक्सिजनचा दाब १० ते २० मिमी (पाऱ्याचा), बाहेर ५० च्या आसपास. आणि मीठ परत ओढून घ्यायचं कष्टाचं काम त्या गाभ्यातही चालतं. रक्त जरा कमी पडलं की तिथल्या पेशी गुदमरतात. ते होऊ नये म्हणून किडनी प्रोस्टाग्लँडिन बनवून वाहिन्या मोकळ्या ठेवते. डायक्लोफिनॅक आणि आयबुप्रोफेन या पेनकिलर नेमकं तेच बंद पाडतात. भातलावणीत अंग मोडून येतं, ताप भरतो, पोटात पाणी नाही, आणि माणूस मेडिकलमधून पेनकिलर आणून गिळतो. हे ज्याला समजतं तो ती गोळी घेणार नाही. उपयोग नाही म्हणता?

रॅटक्लिफ यांची सुरुवातही इथूनच: ऑक्सिजन घटलाय हे ओळखून किडनी एरिथ्रोपोएटिन (रक्तातल्या लाल पेशी वाढवणारं हार्मोन) कसं वाढवते? त्यातून २०१९ चं नोबेल, सेमेन्झा आणि केलिन यांच्यासोबत. किडनीच्या जुन्या रुग्णांच्या रक्तक्षयावर डेसिडुस्टॅटच्या गोळ्या २०२२ पासून भारतात आहेत, त्या याच कामातून.

देवगडकर: पोस्ट माझीच. माझ्या वडिलांना लेप्टो झाला तेव्हा बोटाला लावलेलं मशीन ९८ दाखवत होतं. कुठे कमी होता ऑक्सिजन? लघवी बंद झाल्यावर रात्री गाडी करून गोव्याला न्यावं लागलं. मला नोबेल नको, तालुक्याला किडनीचा डॉक्टर हवा.

लाल_माती: ते मशीन बोटातल्या रक्ताचं सांगतं, किडनीच्या गाभ्याचं नाही. रक्तात ९८ असून आत उपासमार चालू असू शकते. तापात पेनकिलर दिली होती का?

देवगडकर: म्हणजे दोष आमचा? तोंड सांभाळून बोला.

मेडिकलवाला_रत्नागिरी: सगळं आमच्यावर ढकलू नका. पॅरासिटामॉल दिली तर गिऱ्हाईक परत करतं, "जोराची द्या" म्हणतं. आणि डायक्लोची सुई कोण टोचतं? सुई टोचली नाही तर पेशंट त्या डॉक्टरकडे पुन्हा जात नाही.

लाल_माती: गिऱ्हाईक मागतं म्हणून द्यायची? चिठ्ठीशिवाय दिलेली गोळी तुमच्याच हातातून जाते.

मेडिकलवाला_रत्नागिरी: मी नाही दिली तर शेजारचा देतो. माझं दुकान चालवायला तुम्ही येणार का?

आशाताई_कुडाळ: भांडा नुको. लेप्टो होव नये म्हणान डॉक्सीची गोळी, २०० मिलिग्रॅम, आठवड्याक एकदा, ती मी घराघरात वाटूक जातंय. लोक फळीवर ठेवतत. उपाशी पोटी घेतली काय मळमळता, मगे दुसऱ्या आठवड्यात कोण हात लावणा नाय. जेवल्यार घेवा, वर भरपूर पाणी पिया. पायाक जखम आसली तर शेतात उतरू नुको.

लॅब_टेक्निशियन: धागाकर्त्यांनी सगळं पेनकिलरवर नेलंय, ते बरोबर नाही. लेप्टोचा जंतू स्वतःच किडनीच्या नलिकांवर हल्ला करतो. एकही गोळी न घेतलेल्याची किडनीही बसते. आणि लेप्टोत बऱ्याचदा लघवी चालू असतानाच क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) चढतं.

लाल_माती: ठीक, जंतूचा मार वेगळा. पण त्या मारावर पेनकिलर चढवायची का, हा माझा प्रश्न अजून उभाच आहे.

देवगडकर: महाडच्या डॉ. बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरलं ते इथल्या पेशंटच्या उशाशी बसून. संशोधन असं हवं.

लाल_माती: प्राझोसिन रक्तदाबाचं औषध होतं. ते शरीरात काय करतं हे आधी प्रयोगशाळेत कळलं होतं, म्हणूनच बावस्करांना ते सुचलं. दोन्ही लागतं.

देवगडकर: पेनकिलरचं मान्य, तेवढंच. आता माझं ऐका. क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ ने (मिग्रॅ प्रति डेसिलिटर) वाढलं तरी किडनीला इजा धरतात ना? मग दोनदा तपासायला हवं. आमच्याकडे नमुना सकाळी जातो, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. दुसरा नमुना कधी घ्यायचा?

लॅब_टेक्निशियन: हे खरं आहे. पावसात तर गाडी घाटातच अडकते.