मदत हवी आहे : ‘पश्चात्ताप’ कास्तकार मंडळींना नेमका कसा समजवायचा?

काळी_माती (यवतमाळ)
सर्वांना सलाम. लेंटमधल्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या) एका रविवारी गावच्या चर्चमध्ये १५ मिनिटांचा संदेश द्यायचा आहे. विषय पश्चात्ताप. ऐकणारे बहुतेक कास्तकार आणि मजूर.
अडचण शब्दापाशीच आहे. ‘पश्चात्ताप’ म्हटलं की लोकांना पस्तावा ऐकू येतो, म्हणजे होऊन गेल्यावर रडणं. नाहीतर प्रायश्चित्त, म्हणजे उपास-दंड करून हिशेब चुकता. मूळ ग्रीक शब्द समजावून सांगावेत का? पाप कबूल केल्यावर भरपाई किती नि कशी, हे सांगावं का? उदाहरण नांगरणीचं घेतोय : तास (नांगराची ओळ) संपला की बैल वळवायचे. चालेल का?

वर्धेकाठ
भाऊ, उदाहरणापासून सुरू करतो, कारण तिथंच गडबड आहे. तास संपल्यावर बैल वळतात खरे, पण दुसऱ्या धुऱ्यावर (बांधावर) पुन्हा वळतात. दिवसभर तेच. म्हणजे रविवारी वळा, सोमवारी परत फिरा, असा अर्थ निघेल. त्यापेक्षा एस.टी. घ्या. यवतमाळ स्टँडवरून दारव्ह्याला जायचं होतं आणि माणूस वणीच्या गाडीत बसला. मारेगाव आल्यावर कळलं. आता सीटवर बसून डोळे पुसले तरी गाडी वणीलाच जाणार. उतरावं लागतं, रस्ता ओलांडावा लागतो, परतीची गाडी धरावी लागते. जुन्या करारातला इब्री शब्द ‘शूब’ नेमका हाच आहे : परत फिरणे. नव्या करारातला ‘मेटानोइया’ म्हणजे मन पालटणे. आपल्या ‘पश्चात्ताप’ या शब्दात ‘पश्चात्’ आहे, ‘ताप’ आहे, पण परत फिरणं नाही. म्हणून ते वेगळं सांगावं लागतं, आणि ते सांगायला दोन मिनिटं पुरतात.
प्रायश्चित्ताचा घोळही जुनाच. लॅटिन बायबलमध्ये येशूची हाक अशा शब्दांत आली की तिचा अर्थ ‘प्रायश्चित्त करा’ असा घेतला जाई. १५१६ साली ग्रीक नवा करार छापून आला, मूळ शब्द पुन्हा तपासला गेला, आणि १५१७ मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या ९५ प्रबंधांतला पहिलाच असा की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं. एका दिवसाचा विधी नव्हे. संदेशात इतकं खोल जाऊ नका, ही माहिती तुमच्यासाठी.

धुरा_आणि_बांध
येशूचे दोन शिष्य, त्याला पैशासाठी धरून देणारा यहूदा आणि पेत्र, शेजारी शेजारी ठेवा, संदेश तिथंच उभा राहील. मत्तय २७:३ (अध्याय २७, वचन ३) पासून वाचा. यहूदाला वाईट वाटलं. ‘मी पाप केलं’ असं त्यानं तोंडानं कबूल केलं. चांदीची ३० नाणी परत नेऊन दिली. दुःख, कबुली, परतफेड, तिन्ही गोष्टी झाल्या. तरी शेवट गळफासात का? कारण तो गेला याजकांकडे, आणि ते म्हणाले, त्याचं आम्हांला काय? पेत्रानं तर येशू पकडला गेला त्याच रात्री ‘मी त्याला ओळखत नाही’ असं तीनदा सांगितलं, बाहेर जाऊन ढसाढसा रडला, परतफेडीला त्याच्या हाती काहीच नव्हतं. पण तो येशूकडे परतला. फरक अश्रूंचा नाही, पैशाचाही नाही. तोंड कुणीकडे फिरवलं याचा आहे. २ करिंथ ७:१० मधली दोन दुःखं, एक तारणाकडे नेणारं आणि एक मरणाकडे, ती हीच.
मत्तयानं यहूदासाठी ‘मेटामेलोमाई’ (पस्तावणे) हे वेगळं क्रियापद वापरलं आहे, तेही सांगता येईल.

वर्धेकाठ
क्रियापदावर भर देऊ नका, ही कळकळीची विनंती. तेच क्रियापद मत्तय २१:२९ मध्ये त्या मुलासाठी आहे, जो आधी ‘जात नाही’ म्हणाला आणि नंतर द्राक्षमळ्यात कामाला गेला. तिथं अर्थ चांगलाच आहे. ‘एक शब्द खरा, दुसरा खोटा’ असं सांगाल आणि ऐकणाऱ्यांतल्या कुणी दोन्ही वचनं ताडून पाहिली, की सगळा संदेश ढिला पडेल. यहूदा-पेत्राची तुलना मात्र जशीच्या तशी ठेवा. एक जपा : कर्जापायी घरातला माणूस गमावलेली कुटुंबं आपल्या भागात समोर बसलेली असतात. गळफासाचं वर्णन करू नका, आणि आत्महत्या करणाऱ्याला क्षमा नाही असा सूर चुकूनही लागू देऊ नका.

काळी_माती (यवतमाळ)
हे ध्यानात आलं नव्हतं, बरं झालं सांगितलं. आता भरपाईचं?

धुरा_आणि_बांध
लूक ३:१० ते १४ घ्या. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला लोकांनी विचारलं, मग आम्ही काय करावं? त्यानं सगळ्यांना एकच उत्तर दिलं नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे त्यानं एक द्यावा. जकातदारानं ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायानं कुणाला नाडू नये, पगारात भागवावं. ज्याचं पाप ज्या कामात, त्याचं फळ त्याच कामात. आपल्याकडे लावायचं तर वजनात मारणारा, मजुराची हजेरी खाणारा आणि शेजाऱ्याचा धुरा कोरणारा, तिघांना तीन उत्तरं.
आकडा हवा असेल तर जुन्या करारातलं लेवीय ६:५ : मूळ वस्तू आणि वर पाचवा हिस्सा. समजा १५ क्विंटल कापसात दर क्विंटलला २ किलो मारले. ३० किलो झाले. क्विंटलला ७,००० रुपये भाव धरला तर २,१०० रुपये, पाचवा हिस्सा ४२०, एकूण २,५२०. ज्याचं नुकसान झालं तो वारला असेल तर गणना ५:८ प्रमाणे जवळच्या नातेवाइकाला. तोही नसेल तर परमेश्वराला, म्हणजे दानपेटीत; पण वारस असताना दानपेटी गाठणं ही पळवाट झाली.
जक्कय या जकातदारानं लुबाडलेल्याच्या चौपट परत द्यायचं कबूल केलं (लूक १९:८); मेंढरू चोरणाऱ्यासाठी निर्गम २२:१ मध्ये तोच दर आहे. पण क्रम बघा. पाचव्या वचनात येशू आधी म्हणतो, मला आज तुझ्या घरी उतरायचं आहे. चौपट नंतर. क्षमा विकत घेण्यासाठी ते पैसे नव्हते. हा क्रम उलटा सांगितला की प्रायश्चित्ताचा घोळ परत घरात.

सांज_प्रार्थना
कॅथलिक बाजूनं थोडं. आमच्याकडे कबुली धर्मगुरूपुढे असते, १२१५ च्या लॅटरन परिषदेपासून (रोममधल्या धर्मसभेपासून) निदान वर्षातून एकदा. विवेकाची तपासणी, मनापासून दुःख, पुन्हा न करण्याचा निश्चय, कबुली, आणि दिलेलं प्रायश्चित्त पुरं करणं. इथंही गैरसमज होतो : दोन प्रार्थना म्हणायला सांगितल्या म्हणजे चोरीचा माल पचला असं नाही. माल परत करावाच लागतो. धर्मगुरू कबुलीतलं गुपित कुणालाही सांगू शकत नाहीत, म्हणून तिथं आपलं पाप लपवायचं कारण नाही. प्रॉटेस्टंट मंडळीत जाहीर साक्षीचा (सगळ्यांपुढे आपला अनुभव सांगण्याचा) प्रघात आहे, तिथं मात्र सांभाळा. दुसऱ्या माणसाची अब्रू जाईल असं पाप माइकवर सांगू नये. ज्याच्याशी भांडण त्याच्याशी आधी, हे मत्तय ५:२४ पुरेसं आहे.

वर्धेकाठ
उधळ्या पुत्राची, म्हणजे बापाचा पैसा उडवून घरी परतणाऱ्या मुलाची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, त्यातली एक जागा हळू वाचून दाखवा. लूक १५:१९ मध्ये मुलगा मनात वाक्य जुळवतो : मला आपल्या एका मोलकऱ्यासारखं ठेवा. मोलकरी म्हणजे सालदारही (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी) नव्हे, रोजानं येणारा मजूर. एकविसाव्या वचनात तो बापापुढे बोलू लागतो आणि ते शेवटचं वाक्य तोंडातून निघतच नाही. त्याआधीच बाप नोकरांना झगा आणायला सांगतो. रोजंदारीचा सौदा बाप ऐकूनच घेत नाही. मी तर १५ पैकी ५ मिनिटं इथं दिली असती.

काळी_माती (यवतमाळ)
आता जुळलं. एस.टी., मग यहूदा-पेत्र, मग बापाचं घर, शेवटी जक्कय. एकच राहिलं. धुऱ्याचं उदाहरण घेतलं तर लोक विचारतील : जाऊन म्हणायचं काय?

धुरा_आणि_बांध
‘काही चुकलं असेल तर माफ करा’ हे वाक्य बंद करा. त्यात पापाचं नावच नाही. मोजून बोलायचं : ‘दोन फूट धुरा मी कोरला, लांबी ३०० फूट. ६०० चौरस फूट होते, अर्ध्या गुंठ्याहून जास्त. खुंट्या जुन्या जागी लावून देतो.’ जुनी जागा कोणती यावर वाद असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज, आणि फी आपण भरायची, त्यानं नाही. ‘तुमच्या बानं पण कोरला होता’ हे तिथं काढायचं नाही, खरं असलं तरी. तो माफ करेल असं धरून जाऊ नये. नाही म्हणाला, शिव्या दिल्या, तरी मृगाच्या पेरणीआधी धुरा जागेवर गेला पाहिजे.