ध्रुवतारा खाली उतरतो, पण त्यावरून पृथ्वी गोलच कशी ठरते?

गिरणाकाठ:
मी चाळीसगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला शिकवते. मे महिन्यात सासूबाईंना घेऊन रामेश्वरला गेले होते. जाताना कंपासपेटीतला मोठा कोनमापक, त्याला चिकटवलेली पेनाची रिकामी नळी आणि दोऱ्याला नट बांधून केलेला ओळंबा एवढं बरोबर नेलं. धर्मशाळेच्या गच्चीवरून समुद्राच्या बाजूला ध्रुव दिसला, अगदी मिणमिणता. तीनदा मोजला. क्षितिजापासून ९ अंश.

दिवाळीनंतर मुलांबरोबर शाळेच्या मैदानातून त्याच कोनमापकानं मोजला, तर २० अंश. फरक ११ अंशांचा. नकाशावर दोन्ही गावांमधलं सरळ उत्तर-दक्षिण अंतर १,२४० किलोमीटर भरलं. ११ अंशांना १,२४०, तर ३६० अंशांना किती? मुलांनी फळ्यावर त्रैराशिक मांडलं आणि उत्तर आलं ४०,५८२ किलोमीटर. पुस्तकात पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० दिलाय. वर्गात नुसता जल्लोष!

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, "मॅडम, खांबावरचा दिवा पण लांब गेलं की खाली खाली दिसतो. रस्ता तर सपाटच असतो. मग ध्रुव खाली दिसला म्हणून जमीन वाकडी कशी?"

मला उत्तर देता आलं नाही. तिला म्हटलं, विचारून सांगते. उपग्रहाचा फोटो दाखवून तिला गप्प करायचं नाहीये. ताऱ्यांवरूनच उत्तर हवंय.

सह्याद्रीवेडा:
ताई, लांबून येणाऱ्या जहाजाची आधी डोलकाठी दिसते आणि मग खालचा भाग, हे सांगा की. सोपं पडेल.

गिरणाकाठ:
आमच्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. आकाश मात्र रोज बघतात.

दर्यावर्दी:
ताई, त्या मुलीनं नेमक्या जागी बोट ठेवलंय. मी गुहागरकडचा. ३१ वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, त्यातली बरीच सेक्स्टंट, म्हणजे ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजायचं यंत्र, हातात धरून. तेव्हा जीपीएस नव्हतं. संध्याकाळी तारेही दिसतात आणि क्षितिजाची रेघही दिसते अशी वीसएक मिनिटंच मिळतात, तेवढ्यात पाच-सहा तारे उरकायचे. ध्रुव मी कधी सोडला नाही, कारण त्याची उंची म्हणजे जवळजवळ आपला अक्षांशच. तो नेमका ध्रुवबिंदूवर नाही, पाऊण अंशाच्या आत फिरतो, म्हणून पंचांगातून थोडी दुरुस्ती करायची. आमचं पंचांग म्हणजे नॉटिकल अल्मनॅक.

आता दिव्याचं बघू. समजा, जहाज १५ नॉटच्या वेगानं सरळ दक्षिणेला चाललंय. २४ तासांत ३६० सागरी मैल. पहिल्या संध्याकाळी ध्रुव २० अंशांवर होता, दुसऱ्या संध्याकाळी १४ वर. इथपर्यंत तुमची विद्यार्थिनी म्हणू शकते की दिवा लांब गेला. पण दिव्याची एक खोड असते. खांबाजवळून निघताना तो भराभर खाली येतो आणि लांब गेल्यावर हळूहळू. समुद्र सपाट धरून दिव्याचा हिशेब केला, तर तिसऱ्या संध्याकाळी ध्रुव पावणेअकरा अंशांच्या आसपास दिसायला हवा. तो दिसतो ८ वर. रोज सहा म्हणजे सहाच अंश. सपाटीवर टांगलेला कुठलाच दिवा असा उतरत नाही. उतरण्याची ही एकसारखी चाल हाच खरा पुरावा. तारा अतिशय दूर आहे आणि आपल्या पायाखालची जमीन सारखी वळत चाललीय, तरच ती चाल जमते.

दक्षिणेला अगस्त्यही बघा. तुमच्याकडे तो जास्तीत जास्त १७ अंश चढतो, रामेश्वरला २८. ध्रुव ११ नं उतरला, अगस्त्य ११ नं चढला. दोन तारे, दोन विरुद्ध दिशा, फरक एकच.

मुलांना त्रिकोणमिती येत नसेल तर कागदावर काढायला लावा. सरळ रेघेवर रामेश्वर, चाळीसगाव आणि लेह मांडा, १०० किलोमीटरला एक सेंटिमीटर. चाळीसगावापासून लेह उत्तरेला साधारण १,५२० किलोमीटर. तिन्ही ठिकाणांहून ९.३, २०.५ आणि ३४.१ अंशांच्या रेघा वर काढा. दिवा खरा असेल तर तिन्ही रेघा एका बिंदूत भेटायला हव्यात.

शंकेखोर:
काका, पटलं. पण यातून जमीन उत्तर-दक्षिण वाकलीय एवढंच ठरतं. पृथ्वी पूर्व-पश्चिम आडव्या ठेवलेल्या लाटण्यासारखी असली तरी ध्रुव असाच उतरेल ना?

दर्यावर्दी:
बरोबर विचारलंत. त्यासाठी घड्याळ लागतं. लाटणं असतं, तर दूरचा तारा मुंबई आणि कोलकात्याच्या माथ्यावरच्या उत्तर-दक्षिण रेषेवर एकाच क्षणी आला असता. प्रत्यक्षात तो कोलकात्यात सुमारे ६२ मिनिटं आधी येतो. पूर्वी मुंबईची आणि कलकत्त्याची वेळ वेगळी असायची, तिच्यातला फरकही एवढाच. शिवाय रेखांशाचा एक अंश रामेश्वरच्या अक्षांशावर ११० किलोमीटर भरतो आणि लेहच्या अक्षांशावर ९२. उत्तरेकडे पृथ्वी निमुळती होत जाते, ती अशी.

वर्धेकर:
गिरणाकाठताई, तुमच्या मुलांनी जे त्रैराशिक मांडलं, तेच भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धांतशिरोमणी'त सांगितलंय: उत्तर-दक्षिण असलेली दोन नगरं, त्यांच्यातलं अंतर आणि अक्षांशांतला फरक. आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवानं मठ काढल्याचा शिलालेख तुमच्याच तालुक्यात पाटणला आहे. हे मुलांना सांगाच.

तुमच्या ओळंब्याबद्दलही लिहितो, कारण मी हिंगणघाटजवळचा. भारताची लांबरुंद मापणी सुरू करणारा लॅम्टन १८२३ मध्ये आमच्या हिंगणघाटला वारला. ती मापणी पुढे जॉर्ज एव्हरेस्टनं उत्तरेकडे नेली. तेव्हा कल्याणपूर आणि कल्याणा या दोन ठाण्यांमधला अक्षांशाचा फरक ताऱ्यांवरून एक निघाला आणि जमिनीवरच्या मापांवरून दुसरा. तफावत पाच विकलांहून (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) किंचित जास्त, म्हणजे जमिनीवर दीडशेएक मीटर. हिमालय ओळंबा स्वतःकडे ओढत होता! प्रॅट नावाच्या गणितज्ञानं हिमालयाच्या ओढीचं गणित केलं, तर ती तफावत पंधरा विकलांच्या वर यायला हवी होती. डोंगर एवढा अजस्र, मग ओढ इतकी कमी का? या कोड्यातूनच १८५५ मध्ये एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं डोंगरांना खाली हलक्या खडकाची मुळं असल्याची कल्पना मांडली. तारे मोजायला निघालेली माणसं डोंगराच्या मुळाशी पोचली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

गिरणाकाठ:
काका, काल दोन तास त्यातच गेले. आलेखाचे कागद जोडून मुलांनी रेघा काढल्या. रामेश्वर आणि चाळीसगावच्या रेघा साडेतीन सेंटिमीटर उंचीवर भेटल्या, चाळीसगाव आणि लेहच्या साडेबारावर, रामेश्वर आणि लेहच्या सहावर. एकाच दिव्याच्या तीन उंच्या! तिसरी रेघ काढून होताच ती मुलगी म्हणाली, "मॅडम, खांबच नाहीये."

मग तिनंच विचारलं, रेघ वाकवली तर? व्हरांड्यात खडू आणि ६४ सेंटिमीटर दोरी (त्याच मापानं पृथ्वीची त्रिज्या) घेऊन कंस काढला, त्यावर तीन गावं मांडली, प्रत्येक गावाची सपाट जमीन म्हणून कंसाला टेकणारी रेघ काढली आणि तिच्यापासून तेच तीन कोन मोजले. तिन्ही रेघा समांतर गेल्या. पट्टी लावून चार जणांनी तपासलं. शिपाईदादांना सांगून ठेवलंय, तो कोपरा आठवडाभर पुसायचा नाही.

वर्धेकरदादा, शनिवारी पाटणला जाणार आहोत. आणि काका, अगस्त्य मोजायचा तर किती वाजता? आमच्या दक्षिणेला बाभळी आहेत, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागेल.

दर्यावर्दी:
फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री साडेनऊच्या सुमाराला. व्याधाच्या बराच खाली, दक्षिणेला. अर्धा तास आधीपासून दर पाच मिनिटांनी मोजा आणि सगळ्यांत मोठा आकडा धरा. बाभळी १७ अंशांच्या खाली राहतील अशी जागा दिवसाच बघून ठेवा.