१९६८ चा करार मोडून फ्रान्सला अल्जीरिया नमवता येईल का?

खलाशी: ३० ऑक्टोबर २०२५ ला फ्रेंच संसदेच्या कनिष्ठ सभागृहात १८५ विरुद्ध १८४, म्हणजे एका मताने ठराव झाला: अल्जीरियाशी असलेला १९६८ चा स्थलांतर करार, म्हणजे फ्रान्समध्ये राहण्यासाठी अल्जीरियनांना वेगळे नियम लावणारा करार, मोडीत काढा. सरकारवर तो बंधनकारक नाही, पण मागणी रास्तच आहे. फ्रेंच जोडीदाराशी लग्न केलेल्या अल्जीरियनाला लग्नानंतर वर्षभराने दहा वर्षांचं निवासपत्र. बाकीच्या परदेशी लोकांनी तीन वर्षं थांबायचं. १९६२ ला फ्रान्सपासून स्वतंत्र झालेल्या देशाला ही सवलत अजून कशाला? वर, हद्दपार केलेली आपलीच माणसं अल्जीरिया परत घेत नाही.

तिऱ्हाईत: शेवटच्या वाक्याचा कराराशी काय संबंध? हद्दपारी अडते ती भलत्याच ठिकाणी. पासपोर्ट नसलेला माणूस पकडला की स्थानबद्धता केंद्रात जातो. मग अल्जीरियाच्या वकिलातीने त्याची ओळख पटवायची आणि एका प्रवासापुरता परवाना द्यायचा. सर्वसाधारण प्रकरणात कमाल मुदत ९० दिवस. वकिलातीने नकारसुद्धा द्यायला नको, नुसतं गप्प बसलं तरी मुदत संपते आणि माणूस सुटतो. यातलं अक्षरही १९६८ च्या करारात नाही. उलट विद्यार्थ्यांना तो जाचतोच: इतर परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाच्या कामाच्या तासांपैकी ६०% मुभा, अल्जीरियनांना ५०%, तीही वेगळी परवानगी काढून.

खलाशी: जानेवारी २०२५ मध्ये अल्जीरियाला पाठवलेला एकजण तर पासपोर्ट असूनही त्याच दिवशी विमानाने फ्रान्सला परत आला. दबावाला काहीतरी हवंच ना?

तिऱ्हाईत: दबाव आणून झालाय. सप्टेंबर २०२१ ला फ्रान्सने अल्जीरियनांचे व्हिसे निम्म्यावर आणले, डिसेंबर २०२२ ला मुकाट पूर्वपदावर नेले. आत्ताचं भांडण तर स्थलांतरावरून पेटलेलंच नाही. जुलै २०२४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष माक्रोंनी पश्चिम सहारा या वादग्रस्त प्रदेशावर मोरोक्कोचं सार्वभौमत्व मानलं, तिथल्या स्वातंत्र्यवाद्यांची बाजू घेणारा अल्जीरिया चिडला आणि अल्जीरियाने राजदूत माघारी बोलावला.

कलमकसाई: दोघांनी एक पाहिलेलं नाही. करारात बाहेर पडण्याचं कलमच नाही. अशा वेळी देशादेशांतल्या करारांचे नियम ठरवणाऱ्या व्हिएन्ना करारसंहितेचं कलम ५६ सहसा बाहेर पडू देत नाही, दिलंच तर बारा महिन्यांची पूर्वसूचना मागतं, पण फ्रान्स त्या संहितेत सामील नाही! शिवाय करार गेला तर अल्जीरियाचं स्वातंत्र्ययुद्ध संपवणाऱ्या १९६२ च्या एव्हियाँ करारातली मुक्त ये-जा पुन्हा लागू होते की काय, हा वाद फ्रान्समध्येच आहे.

खलाशी: मग चौथी दुरुस्ती करा. १९८५, १९९४, २००१ ला झाल्याच की.

तिऱ्हाईत: हे मान्य. पण एप्रिल २०२५ मध्ये अल्जीरियाने १२ फ्रेंच कर्मचारी हाकलले, फ्रान्सनेही उलट १२ हाकलले, आणि त्यांत वकिलातींतलेही होते. ओळख पटवायचं काम याच वकिलातींकडे आहे.