पणजोबांची पलटण कशी शोधावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझ्या आजीचे वडील पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेले, ते परतलेच नाहीत. आजी तेव्हा पाळण्यात होती. देव्हाऱ्याशेजारी त्यांच्या नावाची ब्राँझची जड चकती आहे, युद्धात गेलेल्यांच्या घरच्यांना ब्रिटिश सरकारने दिलेली, ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री) आणि सिंह असलेली. आजी ती दर दसऱ्याला चिंचेने घासायची. पण अशा चकत्यांवर हुद्दा, पलटण कोरत नसत. तिथंच अडलंय. आजी एवढंच म्हणायची, "कूतच्या वेढ्यात गेले." कूत हे तिथलंच शहर; एप्रिल १९१६ मध्ये ते तुर्कांच्या हाती पडलं तेव्हा १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी आत होत्या. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज (युद्धात गेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) हिच्या यादीत त्याच नावाचे चार शिपाई सापडले, दोघांपुढे गावच नाही. नेमके आपले कसे ओळखायचे? बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला कुणी असं पत्र लिहिलंय का? आईला त्यांची तिथी हवी आहे. आजवर श्राद्ध सर्वपित्रीलाच घालत आलोय.